धरणाखालच्या गावाला भोंगा: आधी मिनिटं मोजा, मग डेसिबल

प्रश्न थोडक्यात असा आहे: मातीच्या मध्यम धरणाच्या खाली सहा किलोमीटरवर, नदीकाठाने पसरलेलं चार वाड्यांचं गाव. ग्रामपंचायतीला धोक्याचा भोंगा बसवायचा आहे. किती ताकदीचा घ्यावा, कुठे बसवावा आणि त्यावर किती विसंबावं?

भोंग्याची खरेदी हा या कामातला सगळ्यांत सोपा भाग आहे, म्हणून तो शेवटी करा. तो कशावरून वाजणार, कोण वाजवणार आणि वाजल्यावर लोकांच्या हाती किती वेळ उरणार, हे आधी ठरलं पाहिजे. धरण फुटण्याच्या घटना तपासल्या तर सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो तो धरणाचा माथा आणि निर्णय घेणारा माणूस यांच्यामध्ये. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातमधलं मच्छू-२ धरण पाणी माथ्यावरून जाऊन फुटलं, तेव्हा पावसाने दूरध्वनी बंद पडले होते आणि जवळच्या मोरबी शहराला काहीच कळलं नव्हतं. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं ते रात्री. गळती असल्याचं गावकऱ्यांनी आधी कळवलेलं होतं, तरी पायथ्याच्या वाडीतली वीसहून जास्त माणसं गेली. याच्या उलट अमेरिकेतलं टेटन धरण. ५ जून १९७६ ला सकाळी सातच्या सुमारास गळती दिसली, पावणेअकराच्या सुमारास खालच्या भागातल्या पोलिसांना फोन गेले आणि बाराच्या आसपास माथा कोसळला. गावंच्या गावं वाहून गेली, पण मृतांचा आकडा अकराच्या आसपास राहिला. दिवस होता, आणि भगदाड पडायच्या तासभर आधी निरोप गेला होता.

आधी दोन इशारे वेगळे करा

धरणाखालच्या लोकांना दोन निराळ्या गोष्टी सांगायच्या असतात. एक म्हणजे विसर्गाची सूचना: दरवाजे उघडतोय किंवा सांडवा सुरू झालाय, नदीपात्रातून बाहेर या, मोटारी काढा, जनावरं वर घ्या. हे पावसाळ्यात अनेकदा होतं. दुसरी म्हणजे धरणफुटीचा इशारा: घर सोडा, आत्ता. हा सत्तर वर्षांत एकदाही वाजणार नाही, निदान तशीच इच्छा आहे. या दोन्हींना एकच आवाज दिला की दुसरा इशारा मेला. पावसाळ्यात वीस वेळा तोच भोंगा ऐकलेला माणूस एकविसाव्या वेळी कूस बदलून झोपतो.

स्वित्झर्लंडने हा प्रश्न फार नेटका सोडवला आहे. धरणाखालच्या जवळच्या पट्ट्यात पाण्याच्या इशाऱ्याला सलग खोल सुराचे बारा आवाज असतात, प्रत्येकी २० सेकंदांचे, मध्ये १० सेकंदांची शांतता. इतर आपत्तींचा भोंगा वर-खाली होणाऱ्या सुराचा. फ्रान्समध्ये धरणासाठी जहाजाच्या भोंग्यासारखा आवाज, २ सेकंद वाजतो, ३ सेकंद थांबतो, असं दोन मिनिटं. आणि धोका टळल्याचा आवाज ३० सेकंद सलग. तुमच्यासाठी सुचवायचं तर विसर्गाला तीन लांब आवाज आणि लगेच मराठीत बोललेली सूचना. धरणफुटीला न थांबता वर-खाली होणारा आवाज, किमान पाच मिनिटं, मधे मधे एकच वाक्य. धोका टळल्याचा भोंगा मात्र ठेवू नका. लोकांना परत बोलावणं माणसाने तोंडाने करावं, कारण पहिली लाट ओसरल्यावर घरी धावणारेच पुन्हा सापडतात.

रंगांचं एक सांगतो. धरणाच्या आपत्कालीन कृती आराखड्यात निळा, केशरी, लाल असे टप्पे असतात. नदीच्या पूररेषाही निळ्या आणि लाल असतात. हवामान खात्याचा लाल इशारा वेगळाच. म्हणजे गावाच्या कानावर "रेड अलर्ट" तीन अर्थांनी पडतो आणि त्यातला बहुतेक टीव्हीवरचा पावसाचा असतो. रंग अधिकाऱ्यांच्या कागदात राहू द्या. गावाला दिलेल्या संदेशात रंगाचं नाव नको.

आणि पूररेषेवर विसंबू नका. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. धरण फुटल्यावरचं पाणी लाल रेषेच्या कितीतरी वर जाऊ शकतं. त्यासाठी धरणफुटीचा स्वतंत्र बुडीत नकाशा लागतो.

मिनिटांचा हिशेब

तो नकाशा मागताना एक आकडा आवर्जून मागा: तुमच्या गावाच्या वरच्या टोकाला पाणी *चढायला सुरुवात* किती मिनिटांनी होते. अहवालात बहुधा उच्चतम पातळीची वेळ ठळक दिलेली असते आणि ती फसवी असते. पाणी सर्वांत उंच चढेल तासाभराने, पण ओढ्यावरचा साकव विसाव्या मिनिटाला बुडालेला असेल, आणि बाहेर पडायचा रस्ता तोच.

नकाशा हाती येईपर्यंत ढोबळ हिशेब असा करा. डोंगरी दरीत लाटेचं तोंड सेकंदाला तीन ते पाच मीटर जातं असं धरू. चार मीटरने सहा किलोमीटरला १५०० सेकंद, म्हणजे २५ मिनिटं. आता लोकांची बाजू. रात्री झोपलेलं घर उठून, म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन दाराबाहेर पडायला दहा मिनिटं सहज जातात. चिखलात, अंधारात, चढावर सगळ्यांत हळू चालणारा माणूस सेकंदाला ०.७ मीटर चालतो. सुरक्षित टेकाड ६०० मीटरवर असेल तर आणखी सव्वाचौदा मिनिटं. झाली २४. म्हणजे भगदाड पडताक्षणी भोंगा वाजला तरी हातात एक मिनिट उरतं. आणि भगदाड पडताक्षणी तो कधीच वाजत नाही.

म्हणून इशारा भगदाडाआधी, गळतीच्या टप्प्यात निघाला पाहिजे. मातीचं धरण सुदैवाने सहसा अचानक जात नाही. आतून माती वाहून जाऊ लागली तर गढूळ पाणी दिसल्यापासून माथा कोसळेपर्यंत काही तास मिळू शकतात; पाणी माथ्यावरून जाऊ लागलं तर त्याआधी पातळी चढताना दिसते. हे तास मिळवणं हे यंत्रणेचं खरं काम. दगडी किंवा काँक्रीटचं धरण वेगळं वागतं. ते गेलं तर एखादा भाग एकदम जातो, म्हणून तिथे इशाऱ्याची पातळी कमी ठेवावी लागते आणि भूकंपानंतर लगेच सावध व्हावं लागतं. कोयनेच्या भागात ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर हे वेगळं सांगायला नको.

धरणावर काय बघायचं

महागड्या उपकरणांच्या आधी व्ही-नॉच बघा. पायथ्याच्या गटारीत गळतीचं पाणी मोजायला बसवलेली त्रिकोणी खाच असलेली पत्र्याची पट्टी. ९० अंशांच्या खाचेसाठी प्रवाह म्हणजे १.३८ गुणिले पाण्याच्या उंचीचा अडीचवा घात. उंची मीटरमध्ये, उत्तर घनमीटर प्रतिसेकंद. खाचेवर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला साधारण ४.४ लिटर. तेच १५ सेंटिमीटर झालं की १२ लिटर. पाच सेंटिमीटर वाढलं म्हणजे "थोडं वाढलं" असं नोंदवहीत लिहिणारा माणूस जवळजवळ तिप्पट गळती झाकून ठेवतोय, नकळत. म्हणून खाचेशेजारी उंचीच्या पट्टीवर थेट लिटर रंगवून घ्या आणि धोक्याच्या आकड्याला लाल पट्टा मारा. पावसाचं पाणी त्याच गटारीत मिसळत असेल तर मोजणीला अर्थ राहत नाही. ते आधी वळवा.

गळती किती यापेक्षा तिचा रंग महत्त्वाचा. जुन्या धरणातून नितळ पाणी वर्षानुवर्षं पाझरत असतं, त्याने काही बिघडत नाही. गढूळ झालं की धरणाची माती बाहेर येतेय. एक काचेची बाटली रोज भरायची, तारीख लिहायची, कालच्या बाटलीशेजारी ठेवायची. तळाशी गाळ बसला की फोन. इतकं स्वस्त उपकरण दुसरं नाही.

बाकी खुणा कोणालाही शिकवता येतात: उतारावर अचानक हिरवा किंवा ओला पट्टा, पायथ्याशी उकळी फुटल्यासारखं मातीसकट वर येणारं पाणी, माथ्यावर लांबीला समांतर तडा, कडेची दगडी पिचिंग (उतारावर रचलेलं दगडांचं अस्तर) खचणं, जलाशयात काठाजवळ भोवरा. भोवरा दिसला तर वाट बघू नका. पाण्याला आतून सरळ वाट मिळाल्याची ती खूण असू शकते. विमोचकाची, म्हणजे कालव्याला पाणी सोडणाऱ्या नळाची, बाजू नीट बघा. भराव आणि काँक्रीट जिथे भेटतात ती जागा सगळ्यांत कच्ची. १२ जुलै १९६१ ला पानशेत गेलं ते भराव खचत गेल्याने. जवानांनी रात्रभर पोती रचून पाणी थोपवलं म्हणून ते दिवसा फुटलं. ते पाणी पुढे खडकवासला धरण फोडून पुण्यात शिरलं.

पातळीसाठी रडारचा संवेदक एक आणि साधी रंगवलेली मोजपट्टी एक, दोन्ही हवेत. पाणलोटात किमान एक स्वयंचलित पर्जन्यमापक, कारण पाऊस आधी पडतो, पातळी मागून चढते. आणि धरणाच्या खाली अर्ध्या किलोमीटरवर पात्रात एक पातळीमापक. कोणाच्याही लक्षात न येता धरण गेलं तर सांगणारा तो शेवटचा साक्षीदार. आपोआप भोंगा वाजवायचा अधिकार यंत्राला द्यायचा असेल तर एका संवेदकावर देऊ नका. तीनपैकी दोन संवेदक एकाच वेळी हो म्हणाले तरच. कोळ्याचं जाळं रडारच्या तोंडावर आलं की तो वेडेवाकडे आकडे देतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात खोटा भोंगा वाजला की गाव तार तोडून टाकतं.

वेळापत्रक: पाणी पूर्ण पातळीच्या दोन मीटरच्या आत आलं की दिवसातून दोनदा पूर्ण फेरी, पूर्ण भरलं आणि पाऊस चालू असेल तर दर तासाला, रात्रीही. रात्रीची फेरी दोघांनी करायची. एकटा चौकीदार, हातात मिणमिणती विजेरी आणि माथ्यावर मोबाईलला रेंज नाही, ही अवस्था असेल तर खाली कितीही भोंगे लावा, उपयोग नाही.

बटण कोणाच्या हातात

इथे खरी गोची असते. चौकीदार शाखा अभियंत्याला कळवतो, तो उपअभियंत्याला, तो कार्यकारी अभियंत्याला, तिथून जिल्हा आपत्ती कक्ष, मग तहसीलदार, मग मंडळ अधिकारी, तलाठी, पोलीस पाटील. प्रत्येक पायरीला पाच मिनिटं धरली तरी पस्तीस-चाळीस मिनिटं गेली. एक फोन बंद लागला की साखळीच थांबली. वरच्या हिशेबात आपल्याकडे एक मिनिट होतं.

म्हणून दोन नियम लिखित हवेत. पहिला: धरण फुटतंय किंवा फुटणार हे डोळ्यांनी दिसलं, तर जागेवर असलेल्या माणसाने, तो चौकीदार असला तरी, परवानगी न मागता भोंगा सुरू करायचा. दुसरा: आधी गाव, मग वरिष्ठ. या माणसाला नंतर कोणी जाब विचारणार नाही असं लेखी आदेशात असावं, नाहीतर तो दहा मिनिटं "साहेब फोन उचलत नाहीत" करत बसेल, आणि त्यात त्याची चूकही म्हणता येणार नाही.

त्याआधीचे टप्पे शांतपणे ठरवता येतात. गळती ठरलेल्या आकड्याच्या वर गेली पण पाणी नितळ आहे: फक्त अभियंत्यांना कळवा, फेऱ्या वाढवा. पाणी गढूळ झालं किंवा तडा दिसला: पोलीस पाटील आणि सरपंचांना फोन, म्हातारी माणसं, आजारी, गरोदर बायका वर हलवायला सुरुवात, एसटी किंवा शाळेच्या गाड्या उभ्या. भोवरा, मोठी खच किंवा पाणी माथ्याच्या अर्ध्या मीटरच्या आत आणि चढतंच आहे: भोंगा. मधल्या टप्प्याला लोक घाबरतील म्हणून तो गाळण्याचा मोह होतो. तोच टप्पा रात्री जीव वाचवतो, कारण ज्यांना ६०० मीटर चालता येत नाही ते तेव्हाच हलवलेले असतात.

कायद्याची बाजू तुमच्याकडे आहे. धरण सुरक्षा कायदा २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. १५ मीटरपेक्षा उंच सगळी धरणं त्यात येतात, आणि १० ते १५ मीटरमधली काही अटींवर. खालच्या भागासाठी पुराची इशारा यंत्रणा उभारणं आणि ती वेळोवेळी तपासणं ही धरणाच्या मालकाची जबाबदारी आहे. जुन्या धरणांचा आपत्कालीन कृती आराखडा पाच वर्षांत करायचा आहे. म्हणजे ग्रामपंचायतीने पैसे घालायच्या आधी धरण ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी काय केलंय ते विचारा. दहा मीटरच्या आतले पाझर तलाव आणि लहान बंधारे या कायद्याबाहेर राहतात, आणि वाडीच्या डोक्यावर बसलेला असा तलाव मोठ्या धरणाइतकाच जीवघेणा ठरतो. त्यांच्याकडे कोणीच बघत नाही.

आता भोंगा

माहितीपत्रकात लिहिलेला पल्ला मोकळ्या मैदानावरचा, शांत हवेतला असतो. तुम्ही एवढंच विचारा: ३० मीटरवर किती डेसिबल? १२० असेल, तर व्यवहारात अंतर दुप्पट झालं की १० डेसिबल वजा करायचे. ६० मीटरला ११०, १२० मीटरला १००, २४० ला ९०, ४८० ला ८०, ९६० मीटरला ७०. ऐकू येण्यासाठी आजूबाजूच्या आवाजापेक्षा दहा डेसिबल तरी जास्त हवेत. मुसळधार पावसात पत्र्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. त्यात बंद दारं-खिडक्या आणखी पंधरा-वीस डेसिबल खातात. म्हणून एका भोंग्याचा हिशेब अर्ध्या किलोमीटरचाच धरा, फार तर पाऊण. चार वाड्या विखुरलेल्या असतील तर मधोमध एक प्रचंड भोंगा लावण्यापेक्षा प्रत्येक वाडीला एक मध्यम भोंगा कामाचा. मधे डोंगराची सोंड आली की आवाज पलीकडे जातच नाही.

जागा: बुडीत नकाशाच्या वर. हे लिहायची वेळ येते, कारण ग्रामपंचायतीची इमारत बहुधा नदीकडेच्या चौकात असते आणि भोंगा तिच्याच गच्चीवर बसतो. टाकीचं टेकाड, देवळाचा माळ, शाळेची उंचावरची इमारत बघा. खांब किमान दहा मीटर, कर्णे दरीच्या दिशेने किंचित खाली झुकलेले.

फिरत्या मोटारीचा जुना भोंगा घ्यायचा की इलेक्ट्रॉनिक? बोलून सांगता येतं म्हणून इलेक्ट्रॉनिक. बॅटरीचा हिशेब स्वतः करा, पुरवठादारावर सोडू नका. १२०० वॉटचा भोंगा २४ व्होल्टवर साधारण ५० अँपिअर ओढतो. एकूण अर्धा तास वाजायला २५ अँपिअर-तास. रेडिओ आणि नियंत्रकाला अर्धा अँपिअर, वीज तीन दिवस गेली तर ७२ तासांचे ३६. बेरीज ६१. बॅटरी अर्ध्याहून जास्त उतरवायची नाही म्हणून दुप्पट, १२२. म्हणजे १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये. सोलर पॅनेल लावाच, पण कोकणात किंवा घाटमाथ्यावर जुलैत आठवडाभर ऊन पडत नाही, म्हणून विजेचा चार्जरही हवा. बॅटरीची पेटी जमिनीवर नको. पूर, उंदीर आणि चोर तिघांनाही ती सोयीची पडते.

आदेश पोचवायला फक्त मोबाईलवर विसंबू नका. अतिवृष्टीत वीज जाते, टॉवरची बॅटरी काही तास चालते, मग संपतं. धरण ते भोंगा थेट रेडिओ हा मुख्य मार्ग, मोबाईलचं सिम हा दुसरा. व्हीएचएफ पट्ट्यातल्या रेडिओला परवाना लागतो. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी ताकदीची उपकरणं परवान्याविना चालतात, पण दोन्ही टोकं एकमेकांना दिसली पाहिजेत, नाहीतर मधल्या टेकडीवर पुनःप्रक्षेपक लागेल. प्रत्येक भोंग्याने दर पंधरा मिनिटांनी "मी चालू आहे, बॅटरी इतकी आहे" असं कळवलं पाहिजे. हे नसेल तर तो दोन वर्षांपासून मेलेला आहे हे तुम्हाला नको त्या रात्री कळेल.

बंद पडण्याची कारणं ठरावीक आहेत. विजेचा लोळ: अर्थिंग पाच ओहमच्या आत ठेवा, दर मे महिन्यात मोजा, सर्ज रोधक बदला. कर्ण्यात गांधीलमाशांचं पोळं किंवा पाखरांचं घरटं: तोंडाला जाळी. गंजलेले टर्मिनल. आणि सगळ्यांत नेहमीचं कारण, देखभालीचा करार दोन वर्षांनी संपला आणि कोणी नव्याने केला नाही. निविदेत पाच वर्षांची देखभाल पहिल्याच किमतीत धरून घ्या. नंतर तिला पैसे मिळत नाहीत.

भोंगा न ऐकणारे

भोंगा बाहेरच्या माणसासाठी आहे. झोपलेल्या घरासाठी दुसरे दोन मार्ग हवेत. महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे: एका क्रमांकावर बोललं की गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाईलवर एकाच वेळी फोन वाजतो. चोरांसाठी आणली गेली, पण पाण्यासाठी उत्तम आहे. नोंदणी मात्र दरवर्षी ताजी करा. सरकारच्या सचेत यंत्रणेतून आणि मोबाईल टॉवरवरून येणारा मोठ्या आवाजाचा इशारा तालुक्या-जिल्ह्याला चांगला. तुमच्या पंचवीस मिनिटांत तो जिल्ह्याहून निघून पोचेल यावर पैज लावू नका. प्रत्येक वाडीत हाताने फिरवायचा एक भोंगा आणि दोन ठरलेली माणसं, पाच-पाच दारं वाटून दिलेली. देवळाचा, मशिदीचा ध्वनिक्षेपक. कोतवालाची दवंडी अजून संपलेली नाही.

यादीत नसलेले लोक आधी मोजा. नदीकाठी पालं टाकलेले ऊसतोड मजूर, वीटभट्टीवरची कुटुंबं, मेंढपाळ, मासेमारी करणारे, पात्रात मोटार काढायला उतरलेला शेतकरी, पुलाखाली फोटो काढणारे पर्यटक. त्यांच्यातल्या कित्येकांना तुमचा भोंगा कशाचा हे माहीत नाही, काहींना मराठीही नाही. विसर्गाच्या सूचनेचे खरे धनी हेच. ८ जून २०१४ ला हिमाचलमध्ये बियास नदीच्या पात्रातल्या खडकांवर उभे असलेले हैदराबादचे चोवीस अभियांत्रिकी विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात गेले. धरण शाबूत होतं, पाऊस नव्हता, वर निळं आभाळ असलं तरी पाणी येऊ शकतं हे बाहेरून आलेल्यांना कोण सांगणार? पात्रात उतरायच्या प्रत्येक वाटेवर चित्राचा फलक हवा, अक्षरं कमी.

दरवाजे उघडणाऱ्यांशी क्रम ठरवून घ्या: सूचना, भोंगा, किमान अर्धा तास थांबणं, मग थोडासा विसर्ग, पात्रात पाणी हलकेच चढू द्यायचं, मग टप्प्याटप्प्याने वाढ. पहिला छोटा विसर्ग हाच पात्रातल्या माणसाला सगळ्यांत कळणारा इशारा असतो. राधानगरीसारख्या स्वयंचलित दरवाज्यांच्या धरणाला हे लागू होत नाही. तिथे पाणी ठरावीक पातळीला पोचलं की दरवाजा आपणहून उघडतो आणि एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक सुटतात. अशा ठिकाणी भोंगा आदेशाला न जोडता पातळीला जोडा, दरवाजा उघडण्याच्या बरीच आधीची पातळी ठरवून.

संदेशात क्युसेक नको. क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर हे अभियंत्याला कळतं. गावाला जागा कळते. सांगलीत लोक आयर्विन पुलाची पातळी विचारतात, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि त्यावरून सामान माडीवर न्यायचं की घर सोडायचं ते ठरवतात. तुमच्या गावातही खांबावर रंगवलेले फूट आणि ओळखीची खूण जोडा. नमुना: "धरणातून पाणी सोडत आहोत. दुपारी तीनपर्यंत पाणी घाटाच्या सातव्या पायरीला लागेल. पात्रातल्या मोटारी आणि जनावरं दोनच्या आत काढा. साकवावरून जाऊ नका." आणि दुसरा: "धरणाला धोका आहे. घर सोडा. टाकीच्या माळावर चला. गाडी काढू नका. सामान घेऊ नका." दुसरा संदेश वीस सेकंदांच्या आत बसला पाहिजे, ओळखीच्या माणसाच्या आवाजात आधीच ध्वनिमुद्रित केलेला. घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी वाक्य सुचत नाही.

रंगीत तालीम मे महिन्यात एकदा दिवसा, आणि दोन वर्षांतून एकदा रात्री नऊनंतर. आदल्या आठवड्यात सांगून. घड्याळ चौकीदाराने बटण दाबल्यावर सुरू करायचं आणि सगळ्यांत लांबच्या घरातला शेवटचा माणूस माळावर पोचल्यावर थांबवायचं. तो आकडा बुडीत नकाशातल्या पहिल्या मिनिटांशेजारी ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहून ठेवा. तालमीचा आकडा मोठा निघाला तर जास्त डेसिबलचा भोंगा घेऊ नका. साकव उंच करा, माळाकडची पायवाट पक्की करा, किंवा धरणावरचा इशारा आणखी आधीच्या टप्प्यावर आणा.

निविदा काढण्याआधी धरणाच्या विभागाला एक अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यात मागा: बुडीत नकाशा, पाणी चढू लागण्याची वेळ, गळतीच्या गेल्या तीन वर्षांच्या नोंदी, धोक्याचे ठरवलेले आकडे, रात्री धरणावर असणाऱ्या माणसाचं पद आणि त्याला भोंगा वाजवायचा अधिकार दिल्याच्या आदेशाची प्रत. शेवटची प्रत मिळाली नाही, तर भोंग्याचे पैसे तूर्त बँकेत राहू द्या.